हातचे चार

गुरुवारची दुपार. माझ्याकडे शिकवणीला येणारा चौथीतला एक मुलगा आमच्या झोपाळ्याशेजारी सतरंजीवर पालथा पडून गुणाकार करत होता. शेहेचाळीस गुणिले सात. खाली बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती आणि किक मारणारा माणूस दर किकेला गुजरातीत एक शिवी हासडत होता. पंख्याने पान उडू नये म्हणून मुलाने वहीवर कंपासपेटी ठेवली होती. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर, एक मोजा पायात, दुसरा कुठे गेला देव जाणे. मी पलीकडे मेथी निवडत बसले होते. सहज मान लांब करून पाहिलं, तर उत्तर लिहून झालेलं. तीनशे बावीस. आणि बाजूला कच्चं काम म्हणून एक रेघसुद्धा नाही, सगळं डोक्यात केलेलं. मला खरंच नवल वाटलं. विचारलं, "हे कसं काढलंस रे?"

त्याने वर पाहिलं नाही. हात आधी रबराकडे गेला. तीनशे बावीस त्याने असं खोडलं की पान चुरगळलं, मग फाटलं, आणि उत्तराच्या जागी खालच्या पानावरची निळी रेघ दिसायला लागली. रबराचा काळा भुगा त्याने फुंकर मारून माझ्या मेथीवर उडवला, पेन्सिल हातात घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबला.

बरोबर होतं रे ते.

मी हे म्हटलं खरं, पण त्याला ते पटलं असं काही दिसलं नाही. बरोबर असतं तर मावशींनी विचारलं कशाला असतं? त्याचं म्हणणं त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्याने फाटलेल्या जागेच्या बाजूला पुन्हा गुणाकार मांडला, या वेळी अगदी शाळेत शिकवतात तसा, डोक्यावर छोटासा हातचा वगैरे लिहून, आणि उत्तर आलं दोनशे ब्याऐंशी. हातचे चार लिहिले होते, पण मिळवायचे राहिले.

संध्याकाळी खंडेराव मार्केटला गेले तेव्हाही ते भोक डोळ्यांसमोरून जाईना. भाजीवालीने चार भाज्यांचा हिशेब तोंडी केला आणि मी सवयीने म्हटलं, "केवी रीते थया?" कसे झाले? ती एकदम ताठ झाली. "केम, बेन, खोटुं छे?" का, चुकलं का? नाही गं बाई, काही चुकलं नाही. पण घरी येईपर्यंत पिशवीच्या बंदांनी बोटं कापत होती आणि मी मोजत होते, आपण 'कसं' हा शब्द कुणाला, कधी कधी विचारतो. पगार बरोबर जमा झाला की बँकेत जाऊन कुणी विचारत नाही कसा झाला म्हणून. आमटी चांगली झाली की ताटं चाटून उठतात. खारट झाली की मात्र, "आज कशी केलीस गं?" आमच्याकडे चौकशी चुकीचीच होते. त्या पोराने वहीला भोक पाडण्याआधी एवढा साधा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता, आणि मी पंचवीस वर्षं गणित शिकवते म्हणे.

त्याची आई सज्जन बाई. घ्यायला आली तेव्हा मी ओझरतं सांगितलं, तर म्हणाली, "मावशी, तुम्ही ओरडत जा हो त्याला, आमची काही हरकत नाही." जशी काही मी परवानगीसाठी थांबले होते.

मला सातचा पाढा आजीने शिकवला. याच घरात, याच झोपाळ्यावर. दिवेलागणीला ती पितळी कड्यांना हात धरून बसायची, मी तिच्या शेजारी, आणि झोपाळा पुढे गेला की 'सात सक', मागे आला की 'बेचाळीस'. कड्या कुरकुरायच्या. देवघरातून उदबत्तीचा वास आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा, या दोन्हींच्या मधोमध कुठेतरी माझे पाढे आहेत; आजही सात सक म्हटलं की मला हिंगाचा वास येतो. चुकले तर आजी झोपाळा पायाने थांबवायची. रागवायची नाही. झोपाळा थांबला की आपोआपच पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, जगात सगळीकडे पाढे असेच असतात.

शाळा गुजराती माध्यमाची. तिथे पाढ्यांना घडिया म्हणत. तिसरीत असताना बेननी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, मला उभं केलं, सातनो घडियो बोल. मी घडाघडा सुरू केलं. सात एका सात, सात दु चौद, तिथपर्यंत शेजारणीकडून ऐकून ऐकून जमलेलं होतं. सात पंचा पांत्रीसही निभावलं. मग वेग आला, अंगात झोपाळा आला, आणि तोंडातून निघून गेलं, सात सक बेचाळीस.

वर्ग हसला. गुजरातीत ते बेतालीस. 'बेचाळीस' मधला तो 'चाळीस' त्यांना भयंकर विनोदी वाटला असणार, मुलंच ती. बेनही हसल्या. मला हे नीट सांगायचंय, कारण इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगताना बेनना उगाच दुष्ट करत आले. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्या हातात कधी पट्टी दिसली नाही, आणि उत्तरायणाला त्या वर्गात तीळसांकळी वाटायच्या. त्या फक्त हसल्या आणि म्हणाल्या, "शुं बोली? फरीथी बोल तो." काय म्हणालीस? पुन्हा म्हण बघू.

मी पुन्हा म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, आणि मग जवळजवळ ते वर्षभर नाही. पाढे सगळे येत होते, लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळत होते. पण उभं केलं की घसा असा मिटायचा की थुंकी गिळायलाही जागा नाही. सकाळी पोटात दुखायचं. खोटं नाही, खरोखर दुखायचं. आई ओवा-मीठ द्यायची, मी तो चघळत रावपुऱ्यातून शाळेला जायची, आणि शाळेचं फाटक दिसलं की ओव्याची चव कडू व्हायची. घरात कुणाला काही कळलं नाही, कारण मार्क चांगले होते.

आजीला काय कळलं मला माहीत नाही. एक दिवस झोपाळ्यावर ती म्हणाली, "तुमच्या शाळेतलं ते घडियं मला शिकव. नाहीतरी या गावात जन्म गेला आणि बाजारात मला अजून अर्धे आकडे कळत नाहीत." मग मी शिकवणारी आणि ती विद्यार्थिनी. सात छक बेतालीस म्हणताना तिची जीभ हमखास 'बेचाळीस'वर घसरायची आणि ती स्वतःच तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसायची. दोघींच्या हसण्याने झोपाळा वेडावाकडा जायचा. तेच हसणं, तोच आकडा, आणि पोटात दुखत नव्हतं. ती मुद्दाम चुकत होती का, हे मी तिला कधी विचारलं नाही. पुढे विचारायचं सुचलं तेव्हा ती नव्हती.

बडोद्याच्या आम्हा मराठी माणसांना शिक्षणाचा विषय निघाला की छाती जरा पुढे काढायची सवय आहे. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण. सयाजीराव महाराजांचं नाव घेतलं की आमच्या काकांचा आवाज अजून भरून येतो. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होता. मला त्या दंडाचं कौतुक आहे, तो झाला नसता तर माझी आजी अक्षर शिकली नसती. पण हल्ली वाटतं, दंड भरून घेऊन मूल बाकापर्यंत आणता येतं. तिथे बसल्यावर त्याच्या पोटात काय चाललंय हे बघायला कुठला तलाठी येणार? त्यासाठी दुसऱ्याच जातीची माणसं लागली. एक गिजुभाई बधेका, वकिली सोडून भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढून बसले. गुजरातीत त्यांना 'मूछाळी मा' म्हणतात, मिशीवाली आई. दुसऱ्या आपल्या ताराबाई मोडक. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये गिजुभाईंना जाऊन मिळाल्या. त्या काळात एका बाईने तसली नोकरी सोडायची, तीही तीन-चार वर्षांच्या पोरांमागे मांडी घालून बसायला, म्हणजे घरच्यांनी काय काय ऐकवलं असेल! पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी जे केलं त्यातली कुरणशाळा मला सर्वांत आवडते. मुलं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नाहीत ना, मग शाळा कुरणावर. म्हणजे मूल जिथे आधीच निवांत आहे तिथे बाईंनी जायचं. गाईला माहीत नसतं बेचाळीस की बेतालीस.

हे मी कुणाला शिकवायला म्हणून लिहीत नाहीये. त्याच रात्री माझी चांगलीच जिरली.

लेकीचा पुण्याहून फोन आला. तिला रबराची गोष्ट सांगितली, थोडी रंगवूनच, 'काय शाळा आहेत हल्लीच्या' असा सूर लावून. ती पलीकडे गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "आई, तू 'परत बघ' म्हणायचीस."

"मग? मारलं तर नाही ना कधी?"

"नाही मारलंस. पण 'परत बघ' म्हणजे चुकलं, हे मला पहिलीपासून माहीत होतं. तू म्हटलंस की मी बघायचेच नाही, आधी खोडायचे. एकदा तर तू दुसऱ्या कुणालातरी म्हणत होतीस आणि मी माझं खोडलं."

ती हसत होती सांगताना. मी हसले नाही. मला ते घरातलं स्वतःचं वाक्य आठवलं, अगदी आवाजासकट. परत बघ. किती मऊ शब्द. मला त्याचा अभिमान होता, शेजारपाजारच्या आया पोरांना बदडत तेव्हा मी 'परत बघ' म्हणणारी सुधारलेली आई होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १७ मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं; पण 'परत बघ'ला आणि 'फरीथी बोल तो'ला कोणतं कलम लावणार? छळ म्हणावा तर तो छळ नाहीच. रोज थेंबभर. मूल त्यातून एवढंच शिकतं की मोठं माणूस वाकून बघायला लागलं की काहीतरी बिघडलंय.

आणि मग डोकं चालत नाही, यात डोक्याचा दोष नसतो. हातच्याचीच गोष्ट आहे ही. गुणाकार करताना दोन लिहायचे आणि चार मनात धरायचे. ते मनात धरायला जी जागा लागते, जिला शिकलेली माणसं वर्किंग मेमरी म्हणतात, ती मुळातच ओंजळीएवढी असते, लहान मुलांची तर त्याहून लहान. भीती, काळजी, 'आता ह्या काय म्हणतील' हे सगळं त्याच ओंजळीत येऊन बसतं. मग चार सांडतात. आपण म्हणतो, लक्ष नाही. लक्ष असतं हो, पुरेपूर असतं. फक्त ते वहीवर नसून आपल्या भुवयांवर असतं. त्या दिवशी तो एकटा होता, मी मेथीत होते, तेव्हा हातचे चार नीट राहिले आणि तीनशे बावीस आले. मी वाकले आणि दोनशे ब्याऐंशी झाले. चाळीस माझ्या नावावर.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरांत घुसली त्यानंतरचे दिवस मला यावरून आठवले. अकोट्याकडची माझी दोन मुलं शिकवणीला आली ती भिजून फुगलेली दप्तरं घेऊन. मी काही शिकवू शकले नाही, सुचलंच नाही. वह्यांची पानं झोपाळ्याच्या दांडीवर वाळत घातली, सगळ्यांना पोहे केले, आणि आठवडाभर फक्त नदीतल्या मगरींच्या गोष्टी. कुणी बघितलेली, कुणी व्हिडिओत बघितलेली, कुणी नुसती ठोकून दिलेली. एकीने तर तिच्या सोसायटीच्या जिन्यात चढवली. पालकांची कुजबुज सुरू झाली की फी घेतात आणि गप्पा मारतात. पण नंतर भागाकार सुरू केला तेव्हा तीच दोघं बाकीच्यांच्या पुढे होती. मी तेव्हा त्याचं श्रेय पोह्यांना दिलं. आता थोडं मगरीलाही देते.

तर पुढच्या आठवड्यापासून मी सुधारायचं ठरवलं. ठरवून सुधारणाऱ्या माणसाइतकं विनोदी काही नसतं. बरोबर उत्तरालाही 'कसं काढलंस' विचारायला लागले, तर पोराने दोन दिवसांत अर्धं रबर संपवलं. मग स्टिकर आणले, सोनेरी चांदण्या. तो चांदण्या बघून लिहायचा, गणित बघून नाही. आणि चांदणी नाही मिळाली की पुन्हा रबर. स्टिकर फडताळात गेले. मग मला आजी आठवली. फळ्यावर मी मुद्दाम चुकीचा गुणाकार मांडला आणि म्हटलं, "अगं बाई, हे कसं झालं?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की काय सांगू. "मावशी, तुम्ही मुद्दाम केलंत." नऊ वर्षांचं मूल. एका सेकंदात ओळखलं त्याने.

म्हणजे आजी मुद्दाम करत नव्हती तर. मुद्दाम असतं तर मी ओळखलं नसतं का? तिला खरंच 'बेतालीस' म्हणता येत नव्हतं, सत्तर वर्षं या गावात काढूनही, आणि ते नातीसमोर न येण्याची तिला लाज वाटत नव्हती. इतकंच होतं. इतक्या वर्षांचं माझं कोडं त्या पोराने वहीतल्या उत्तरासारखं सोडवून टाकलं आणि त्याला पत्ताही नाही.

मग मी काहीच केलं नाही. खरं तर कंटाळले. तो यायचा, पालथा पडायचा, मी भाजी निवडायची. कधी मीच मोठ्याने बडबडत हिशेब करायची, दूधवाल्याचा, इस्त्रीवाल्याचा. त्यात चुकायची, खाडाखोड करायची, चरफडायची. त्याला ऐकू जात होतं की नाही कुणास ठाऊक. एकदा म्हणाला, "मावशी, आठ दिवस दूध नव्हतं ना तुम्ही भरूचला गेला होतात तेव्हा." नव्हतं खरं. तेवढे पैसे वाचले.

परवाची गोष्ट. फळ्यावर छप्पन्न गुणिले सात लिहून दिलं आणि मुलं सोडवेपर्यंत मीही फळ्याच्या कोपऱ्यात करून ठेवलं. आत कुकरची तिसरी की चौथी शिट्टी, दाराशी कुरिअरवाला, मी लिहिलं तीनशे बावन्न आणि पावतीवर सही करायला गेले. परत आले तर बाकीच्या दोघांनी आपापली उत्तरं खोडून झाली होती. मुकाट्याने तीनशे बावन्न लिहीत होती दोघं. हा मात्र पालथा पडून फळ्याकडे बघत होता. वहीत तीनशे ब्याण्णव. उजव्या हातात रबर, वहीच्या वर साधारण दोन बोटं, अधांतरी.

"मावशी," तो म्हणाला, "हे कसं काढलंत?"

आणि सांगते, माझे कान तापले. साठीला आलेली बाई मी, पंचवीस वर्षं शिकवलेली, समोर नऊ वर्षांचं पोर, आणि माझा हात कुठे गेला असेल तर डस्टरकडे. घसा तोच, तिसरीतला. फळ्यावर कुठे काय चुकलंय हे दिसतच नव्हतं, नुसते आकडे दिसत होते.

डस्टर खाली ठेवलं. झोपाळ्यावर बसले, कड्या कुरकुरल्या.

"सात सक बेचाळीस," मी म्हटलं. "दोन लिहिले. सात पाचे पस्तीस. पस्तीस आणि हातचे..."

हातचे किती ते मला आठवेना.

"फोर," तो म्हणाला. रबर अजून त्याच्या मुठीतच होतं.